रविवारचा भाजीचा टेम्पो: ऑर्डर शुक्रवारी रात्रीपर्यंत

ए-३०२: नमस्कार. सासवडजवळ माझ्या मामेभावाच्या गावातले सहा शेतकरी मिळून रविवारी आपल्या सोसायटीत टेम्पो पाठवायला तयार आहेत. सध्या वाटाणा, मेथी, कोथिंबीर, घेवडा. सीताफळंही सुरू होतायत. हिवाळ्यात अंजीर. अट एकच, आणि ती मी घालतेय: आधी ऑर्डर आणि पैसे, मग तोडणी.

बी-१०४: छानच गं! पण ऑर्डर कशाला? टेम्पो आला की खाली येऊन बघून घेऊ.

ए-३०२: काकू, दोन वर्षांपूर्वी आपण तेच केलं होतं. सात वाजता टेम्पो आला, नऊपर्यंत दहा-बारा जण उतरले. अकराला ऊन चढलं आणि मेथीच्या निम्म्या जुड्यांनी माना टाकल्या. जाताना त्या दादांनी त्या वॉचमन आणि सफाईच्या मावशींना वाटून टाकल्या. डिझेलचेही पैसे सुटले नाहीत. मला आजही वाईट वाटतं. मार्केट यार्डात भाव पडला तरी माल खपतो, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात येते. आपल्या पार्किंगमध्ये उरलेला माल त्यांनी कुठे न्यायचा?

सी-२०५: बाजार समितीची परवानगी लागेल का?

ए-३०२: नाही दादा. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, शेतकरी यार्डाबाहेर थेट विकू शकतो. संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाचे शेतकरी आठवडी बाजार त्याच वर्षीचे. आपल्याला फक्त कमिटीची मंजुरी हवी.

सचिव: क्लब हाऊससमोरची जागा देऊ, ७ ते ९. पालापाचोळा आपल्याच कंपोस्ट खड्ड्यात टाकायचा.

बी-७०१: आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर स्वस्त मिळाली तर?

ए-३०२: मिळेल कधीकधी. म्हणूनच महिन्याचा एकच भाव बांधायचा, यार्डातला घाऊक आणि इथला किरकोळ यांच्या मधला. बाजार पडला तर आपण थोडे जास्त देऊ, बाजार चढला की ते आपल्याला त्याच भावात देतील. मला हा व्यवहार सरळ वाटतो.

बी-१०४: आणि गेटबाहेरच्या मावशी? त्यांचा रविवारचाच धंदा असतो गं.

ए-३०२: बरं झालं विचारलंत. काल त्यांच्याशी बोलले. ऑर्डरपेक्षा जास्तीचे दोन क्रेट वाटाणा त्या घाऊक भावात उचलतो म्हणाल्या. त्यांची यार्डाची एक फेरी वाचेल, टेम्पोही रिकामा परत जाईल.

ए-६०१: सीताफळं मागच्या वेळी दगडासारखी होती हो. मी परत केली होती.

ए-३०२: सीताफळ झाडावर पिकू देत नाहीत, पक्षी फोडतात. डोळे उघडून पांढुरके झाले की कडक असतानाच उतरवतात. तांदळात किंवा कागदात ठेवा, दोन-तीन दिवसांत मऊ होतं. कृपया कडक म्हणून परत करू नका. अंजिराचं उलट, ते पिकलेलंच येतं आणि दुसऱ्या दिवशी उतरायला लागतं. त्याची ऑर्डर अगदी मोजून द्या.

सी-२०५: लोणची, तूप आणतील का?

ए-३०२: बचत गटाची लोणची आहेत, पण त्याला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागते. ती झाली की बघू. आधी भाजीची घडी बसू दे. निदान ३० घरं लागतील, नाहीतर टेम्पोचं भाडं निघत नाही.

बी-१०४: वाटाणा २ किलो, मेथी २ जुड्या. पैसे पाठवले. मेथी निवडायला ज्यांना वेळ नाही त्यांनी माझ्याकडे द्या.

बी-७०१: वाटाणा १ किलो, घेवडा अर्धा.

ए-३०२: दोन झाली. अठ्ठावीस हवीत.