दहा डोमेन, एकच मेल सर्व्हर: बेळगावात हा खटाटोप करावा का?

उद्यमबागी:
उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांचं, वडगाव-शहापूरच्या साडीवाल्यांचं, नाहीतर चंदगड रस्त्यावरच्या काजूवाल्यांचं लेटरहेड बघा. जीएसटी नंबर आहे, लोगो आहे, आणि खाली पत्ता फुकटच्या जीमेलचा, नावामागे ००७ लावलेला. पुण्या-चाकणकडचे परचेसवाले हल्ली व्हेंडर फॉर्मवर कंपनीच्या डोमेनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावाचा ईमेल मागतात. डोमेन बहुतेकांनी घेतलेलं आहे, पण फक्त वेबसाइटपुरतं. मोठ्या कंपन्यांची मेल सेवा दर पेटीमागे (मेलबॉक्समागे) महिन्याला पैसे घेते, आणि चार माणसांच्या ऑफिसातही सेल्स, अकाउंट्स, स्टोअर, मालक, मालकाचा मुलगा अशा पेट्या होतातच.

माझं म्हणणं असं, की आठ-दहा जणांनी मिळून एक व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशीनचा एक हिस्सा, भाड्याने घ्यावा आणि त्यावर पोस्टफिक्स (टपाल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) नि डव्हकॉट (पेटीतलं टपाल माणसाला दाखवणारा) चालवावेत. दहा डोमेनना दहा मशीन लागत नाहीत, दहा आयपी (इंटरनेटवरचे मशीनचे नंबर) लागत नाहीत. व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेनची सोय नेमकी यासाठीच आहे. प्रत्येक माणसाचं लिनक्सवर खातं उघडायचं नाही. टपाल सांभाळायला एकच सिस्टीम युजर, त्याच्या फोल्डरात डोमेनवार पेट्या, आणि डेटाबेसमध्ये तीन टेबलं: डोमेन, पेट्या, एलियास (दुसऱ्या पेटीकडे वळवलेले पत्ते). नवीन कोणी आला की टेबलात चार ओळी घालायच्या आणि त्याच्या डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदवहीतला) एमएक्स, म्हणजे टपाल कुठे पोचवायचं ते सांगणारी नोंद, आपल्या सर्व्हरच्या नावाकडे वळवायचा. आलेलं टपाल घ्यायचं की परतवायचं हे पोस्टफिक्स त्या टेबलावरून ठरवतो, आणि डव्हकॉट पासवर्डही तिथलाच तपासतो. पोस्टफिक्स १९९८ पासून लोकांच्या हातात आहे, डव्हकॉट २००२ पासून. दोन्ही फुकट, दोन्ही मुरलेले. मग अडतंय कुठे?

तिसरं_गेट:
टपाल घेण्यात काहीच अडत नाही. अडतं ते पाठवण्यात, आणि तेवढंच तुम्ही गाळलंत.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आवळलेत. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ (या डोमेनचं टपाल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (टपालावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (ही तपासणी फसली तर काय करायचं ते सांगणारी ओळ) तिन्ही सक्तीचे. छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आयपीचा उलटा रेकॉर्ड (नंबरावरून नाव सांगणारा) म्हणजे पीटीआर नीट हवा, टीएलएस म्हणजे वाटेत टपाल गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन हवं. हे सगळं करता येतं, मान्य. पण तुमच्या दहा जणांचा आयपी एक. त्यातल्या एकाच्या अकाउंटंटने पासवर्ड ठेवला फर्मचं नाव आणि १२३. एका रात्रीत कुणीतरी त्या खात्यातून हजारो स्पॅम सोडले, आयपी ब्लॉकलिस्टवर, म्हणजे स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीवर गेला. सकाळी उरलेल्या नऊ जणांची कोटेशनं जंकमध्ये. टेंडरची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत, आणि तुम्ही ब्लॉकलिस्टवाल्यांचा फॉर्म भरत बसलाय. भाड्याच्या व्हीपीएसचे आयपी तर आधीच कुणी ना कुणी वापरून सोडलेले असतात. आपण एक मेलही पाठवायच्या आत नाव खराब.

उद्यमबागी:
अण्णा, त्याला उपाय आहेत. एका खात्यातून तासाला अमुकच मेल, अशी मर्यादा घालता येते. ज्याने लॉगिन केलं त्याने स्वतःच्याच पत्त्यावरून पाठवायचं, हा नियमही पोस्टफिक्समध्ये आहे. शिवाय बाहेर जाणारं टपाल एखाद्या पैसे घेणाऱ्या रिले सेवेतून, म्हणजे आपलं टपाल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पाठवणाऱ्या कंपनीमार्फत सोडायचं, आत येणारं तेवढं आपल्याकडे. म्हणजे आयपीच्या अब्रूची चिंता त्या सेवेची. आणि बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो: प्रत्येक डोमेनला वेगळा पीटीआर लागतो हा गैरसमज आहे. पीटीआर सर्व्हरच्या स्वतःच्या नावाचा एकच. डोमेनवार वेगळी लागते ती डीकेआयएमची किल्ली आणि एसपीएफची ओळ.

तिसरं_गेट:
रिले घेतली म्हणजे तिचं बिल आलं, आणि तिथे एकाने स्पॅम सोडला तर ते सगळ्यांचंच खातं बंद करतील.

लॉग_वाचणारा:
तुमचं भांडण चालू द्या. मला खरी भीती दुसरीच आहे. लोक 'व्हर्च्युअल' म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. व्हर्च्युअल एलियास डोमेनमध्ये पेटी नसते, पत्ता फक्त दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेला असतो. व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेनमध्ये खरीखुरी पेटी असते. एक डोमेन एकाच यादीत राहिलं पाहिजे. तेच नाव मायडेस्टिनेशनमध्येही (पोस्टफिक्सच्या 'ही डोमेनं या मशीनचीच' या यादीत) ठेवलं तर पोस्टफिक्स ते लोकल समजून लिनक्सचे युजर शोधायला जातो, आणि टेबलात असलेला माणूसही 'असा कोणी नाही' म्हणून परत. लॉगमध्ये तशी ताकीद येते, पण लॉग बघतंय कोण?

आपल्या गावाचीच केस घ्या. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदलून बेळगावी झालं. त्यानंतर कित्येक फर्मांनी जुन्या स्पेलिंगचं डोमेन ठेवून नव्याचंही घेतलं. आता दोन्हींवर आलेला मेल एकाच पेटीत हवा. नव्वद टक्के माणसं इथे एकच ओळ लिहितात: जुन्या डोमेनवरचं काहीही आलं तरी नव्यावर टाक. दिसायला सुटसुटीत, पण त्याने सर्व्हरचा दरवाजा सताड उघडतो. जुन्या डोमेनवरचा कुठलाही मनाचा पत्ता खरा धरून टपाल आत घेतलं जातं, मग नव्या डोमेनवर ती पेटी सापडत नाही, आणि सर्व्हर 'पोचवता आलं नाही' असं पत्र पाठवतो. कुणाला? स्पॅमवाल्याने खोट्या नावाने लिहिलेल्या तिसऱ्याच माणसाला. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि यापायीही ब्लॉकलिस्टवर जाता येतं. टपाल दारातच ५५० ('अशी पेटी नाही' हा कोड) सांगून नाकारलं पाहिजे, आत घेऊन नव्हे. म्हणून जुन्या डोमेनचे पत्ते एकेक लिहा, नाहीतर डेटाबेसची क्वेरी अशी लिहा की नव्या डोमेनवर ती पेटी असेल तरच उत्तर मिळेल.

कॅच-ऑल, म्हणजे कुठल्याही पत्त्यावरचं टपाल एकाच पेटीत, मागणाऱ्यांनाही हेच. 'गिऱ्हाईक स्पेलिंग चुकवतं हो, सगळंच येऊ दे' असं मालक म्हणतात. आठवड्यात तेच फोन करतात, की एवढा कचरा कुठून येतो.

यळ्ळूर_वाचक:
आम्ही फर्मवाले नव्हे. आमचं गावचं साहित्य संमेलन भरवणारं मंडळ आहे, पैसे नाहीत. दर दोन वर्षांनी सचिव बदलतो आणि जीमेलचा पासवर्ड जुन्या सचिवाबरोबर जातो. मग पाहुण्यांचे जुने मेल, देणगीदारांची यादी, सगळं गायब. आम्हाला चार पत्ते पुरेत. यासाठी सर्व्हर लागतो काय? आणि देवनागरीत पत्ता मिळतो म्हणे, तो घ्यावा का?

लॉग_वाचणारा:
ताई, तुम्हाला सर्व्हर अजिबात नको. डोमेन विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या पत्ते वळवून देतात. सचिव बदलला की पत्ता नव्याकडे वळवा. फक्त दोन गोष्टी. जुने मेल सांभाळायचे असतील तर वळवणं पुरत नाही, मंडळाची निदान एक खरी पेटी हवी. आणि वळवलेल्या मेलचं एसपीएफ मोडतं, कारण जीमेलला टपाल मूळ पाठवणाऱ्याकडून न येता मधल्या सर्व्हरकडून येताना दिसतं. पाठवणाऱ्याचं डीकेआयएम शाबूत असेल तर बहुधा निभावतं.

देवनागरीचं म्हणाल तर डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं, पोस्टफिक्सलाही असे पत्ते ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून कळतात. पण समोरच्या सर्व्हरलाही ते कळायला हवेत. घ्या हौसेने, पत्रिकेवर छापाही, मात्र जोडीला रोमन लिपीतला पत्ता ठेवा. ऑनलाइन फॉर्म देवनागरी पत्ता बघितला की 'चुकीचा ईमेल' म्हणतात.

सीए_निपाणी:
इतका वेळ वाचत होतो. तांत्रिक वादात एक गोष्ट कुणी काढली नाही. उद्यमबागेत भिंतीला भिंत लावून दोन फौंड्र्या आहेत, दोघीही पुण्याच्या एकाच पंप कंपनीला कास्टिंगचे भाव देतात. उद्या दोघींची कोटेशनं तुमच्या एका डिस्कवर. रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सगळं बघता-बदलता येणाऱ्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे. तुम्ही सज्जन असाल, पण तुमचे मेव्हणे त्यातल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत हे सगळ्या बेळगावला माहीत असणार. एक टेंडर पन्नास पैशांनी गेलं की बोट कुणाकडे? मोठ्या कंपनीलाही मेल वाचता येतो, ठाऊक आहे. पण तिचं या गावात कुणाशी नातं नाही.

दुसरं, पतसंस्थांना यात ओढू नका. सभासदांची कागदपत्रं मेलवर फिरतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस भारतातच ठेवायला सांगितलेत. घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवायचं. हे लेखी कोण स्वीकारणार? तुमच्याकडे करार आहे का, की चहाच्या टपरीवर ठरलंय?

उद्यमबागी:
मेव्हण्यांचा मुद्दा लागला. पेट्या डिस्कवर एन्क्रिप्ट करण्याची सोय डव्हकॉटमध्ये आहे, पण टपाल आत येतानाच बघायचं म्हटलं तर ज्याच्या हातात रूट आहे त्याला कोण अडवणार? त्याला तांत्रिक उत्तर नाही, हे कबूल. एकाच धंद्यातले दोघे एका सर्व्हरवर घ्यायचे नाहीत, एवढंच करता येईल. पतसंस्था सोडल्या. करार करायला तयार आहे.

खानापूर_वायमन:
व्हीपीएसला पैसे कशाला घालवुलालास गा? माझ्याकडे जुना डेल पडलाय, यूपीएस आहे, फायबर आहे. घरातच लावूया की.

तिसरं_गेट:
घरच्या फायबरवर बहुतेक ठिकाणी पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बंद असतो आणि पीटीआर तुझ्या हातात नसतो. घरगुती कनेक्शनच्या आयपींच्या वेगळ्या याद्याच आहेत, त्यातून आलेला मेल मोठे सर्व्हर बघतसुद्धा नाहीत. त्या डेलवर सिनेमे ठेव.

एक मात्र उद्यमबागींच्या बाजूने बोलतो, नाहीतर म्हणाल हा नुसता विरोधच करतो. सर्व्हर दोन-चार तास बंद पडला तर येणारं टपाल हरवतं, ही भीती खोटी. पाठवणारा सर्व्हर रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्सचा मूळ हिशोबच पाच दिवसांचा आहे. पाऊस, वीज, काही असो. पण माझा प्रश्न तुम्ही आजारी पडलात तर काय, हा आहे. टीएलएसचं फुकटचं सर्टिफिकेट काही आठवड्यांत संपतं, आपोआप नवं होण्याची व्यवस्था एकदा मोडली की दहाही ऑफिसांचे फोन तुम्हालाच. आपल्याकडचा लिनक्स येणारा पोरगा तीन वर्षांत पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातो. तुमच्यामागे दुसरा कोण?

उद्यमबागी:
दुसरा एक जण तयार आहे, टिळकवाडीतच राहतो. रूट दोघांकडे, बॅकअप वेगळ्या कंपनीच्या मशीनवर रोज. सुरुवात दहा जणांनी नाही, तिघांनी: एक साडीवाला, एक काजूवाला, एक फौंड्री. बाहेरचं टपाल रिलेतून.

सीए_निपाणी:
मग हिशोबही तिघांचा मांडा. व्हीपीएस, रिले, बॅकअपची जागा, आणि तुमच्या दोघांच्या वेळेचे पैसे. त्याला एकूण पेट्यांनी भागा. तुमचा वेळ फुकट धरलात तरच हे स्वस्त दिसेल, असा माझा अंदाज. फौंड्रीला वीस पेट्या असतील तर कदाचित चित्र बदलेल.

लॉग_वाचणारा:
आणि त्याआधी तिघांचीही डोमेनं कुणाच्या नावावर आहेत ते बघा. आपल्याकडे निम्मी डोमेनं वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असतात, आणि त्याचा फोन लागत नाही. एमएक्स बदलायला लॉगिन कोण देणार?

उद्यमबागी:
साडीवाल्याचं तसंच आहे. उद्या दुकानात जाऊन विचारतो.