सातवीला प्रमाण शिकवायला कोणतं ऑनलाइन साधन आधी घ्यावं?

गणित_लातूर:
वर्गात एक प्रोजेक्टर, तीन लॅपटॉप, नेट अधूनमधून जातं. तिरकस गुणाकार मुलांना पाठ आहे, पण तोंडी ‘1 : 3 = 3 : ?’ विचारलं की बरीच जण 5 म्हणतात. ‘एका एकराला 30 किलो सोयाबीनचं बियाणं, तर 12 गुंठ्यांना किती?’ याचं उत्तर येतं 360 किलो! फेट (गणित-विज्ञानाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग), डेस्मॉस (आलेख काढायचं साधन) की शीट (एक्सेलसारखा तक्ता), सुरुवात कशानं करावी?

फळा_खडू:
5 म्हणणारं मूल ‘दोननं जास्त’ बघतंय, ‘तिप्पट’ बघत नाही. तिरकस गुणाकार आठवडाभर बाजूला ठेवा. फेटच्या ‘प्रपोर्शन प्लेग्राउंड’मध्ये रंगाचा भाग उघडा. डावीकडे निळा 1, पिवळा 3. उजवीकडे 3 आणि 5. छटा वेगळी दिसते. आता 5 चे एकेक करत 9 करा, छटा जुळते. बटण दाबण्याआधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्याच, नाहीतर नुसतं रंग बघणं होतं. 2 : 3 आणि 6 : 7 ही जोडी मात्र टाळा, छटांतला फरक इतका कमी की उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरवर कळत नाही.

नेटचं म्हणाल तर सिम्युलेशनची फाइल आधीच उतरवून पेन ड्राइव्हनं तिन्ही लॅपटॉपवर टाका. ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते.

शिवार_औसा:
360 ची चूक एककाची आहे सर. एका बाजूला एकर, दुसऱ्या बाजूला गुंठे, आणि मुलं तशीच गुणतात. 1 एकर = 40 गुंठे हे आधी फळ्यावर लिहा. मग शीटमध्ये पहिल्या स्तंभात गुंठे, दुसऱ्यात किलो: 40 ला 30, 20 ला 15, 4 ला 3, म्हणून 12 ला 9. या ओळी मुलांनीच भराव्यात, सूत्र देऊ नका. तिसऱ्या स्तंभात किलो भागिले गुंठे. सगळीकडे 0.75 येतं, 360 लिहिलेल्या ओळीत 30 येतं. चूक मूल स्वतःच पकडतं.

‘किलो’ शब्द फक्त शीर्षकात लिहा, कप्प्यात ‘30 किलो’ टाकलं की भागाकार होत नाही. आणि 1:3 कप्प्यात टाकू नका, शीट त्याला घड्याळातली वेळ समजते.

गणित_लातूर:
व्यस्त प्रमाणाला हीच शीट चालेल का?

शिवार_औसा:
चालेल, फक्त भागाकाराऐवजी गुणाकार. काढणीला 6 मजूर 4 दिवस, 8 मजूर 3, 12 मजूर 2. गुणाकार 24 च.

फळा_खडू:
यानंतर दोन्ही तक्ते डेस्मॉसवर टाका. बियाण्याचे बिंदू शून्यातून जाणाऱ्या रेषेवर येतात, मजुरांचे वक्रावर. पडदा सुरुवातीला साधारण 10 पर्यंतच दाखवतो, त्यामुळे 40 आणि 30 चा बिंदू दिसत नाही. पान्याच्या चिन्हावर जाऊन आडवा अक्ष 0 ते 50, उभा 0 ते 40 करून घ्या.