पाँपेईचा सेकुंडिओ: सगळ्यांना जाळलं, यालाच का पुरलं?

हाडवेडा
२०२१ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या, पोर्ता सार्नो या वेशीजवळ मार्कस वेनेरियस सेकुंडिओची कबर सापडली, त्याबद्दल वाचतोय. मूळचा गुलाम, व्हीनस या रोमन देवीच्या देवळाची राखण करायचा, मग सुटका झाली आणि इतका पैसा केला की चार दिवस ग्रीक आणि लॅटिन भाषेतले कार्यक्रम लावले, तेही कबरीवरच्या संगमरवरात कोरून ठेवलंय 😄 पण तेव्हा तिथे मोठ्यांना जाळायचेच ना? मग हा आख्खा पुरलेला कसा? आणि पांढरे केस, कान टिकलेत म्हणजे मसाले लावून ममी केलेली का?

जुनी_माती
दहनच चालायचं. पुरायचे ते तान्ह्यांना, दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत असं रोमन लेखक प्लिनीच लिहून गेलाय, आपल्याकडेही लहान मूल गेलं की पुरतातच की. म्हणून साठी उलटलेला हा बुवा बघून खणणारे चक्रावले. त्यात त्याच्याच आवारात दोन अस्थिकलश निघाले, एक काचेचा, नोविया अमाबिलिस नावाच्या बाईचा. बायको असावी म्हणतात. म्हणजे तिला जाळलं, याला नाही! का, ते कबरीवर कोरलेलं नाही, त्यामुळे छातीठोक कुणी सांगत असेल तर जरा जपून.

मणका३३
ममीचं म्हणाल तर मसालेच लावले असं लगेच धरू नका. खोली जेमतेम १.६ बाय २.४ मीटर, ती पक्की बंद केलेली, हवा खेळायला जागा नाही, तेवढ्यानेही कातडी आणि केस सुकून टिकू शकतात. कापडाचे तुकडेही मिळालेत, ते तपासायला घेतले.
आणि वय केसांवरून नाही काढत हो, कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा आणि दातांची झीज बघतात. कलशातल्या हाडांचं तसं नसतं, ती आक्रसतात, तडकतात, डीएनए बहुतेक जळून जातो, छोट्या छोट्या तुकड्यांतून कवटी कुठली नि मांडी कुठली हे निवडत बसावं लागतं. त्यामुळे न जळलेला रोमन मिळणं म्हणजे आमच्यासाठी लॉटरीच.

हाडवेडा
भारी! आणि ते वेनेरियस नाव देवळावरून का?

जुनी_माती
देवळावरून नाही, गावावरून. पाँपेईच्या वसाहतीच्या अधिकृत नावातच व्हीनस होती, आणि गावाच्या मालकीचा गुलाम सुटला की ते नाव लावायचा. बाय द वे, हा सेकुंडिओ नवा नाहीच, पाँपेईच्याच कायसिलियस युकुंडस सावकाराच्या मेणपाट्यांवर (मेण लावलेल्या लाकडी पाट्या, व्यवहार लिहायच्या) त्याचं नाव आधीच वाचलेलं होतं. हाडं मात्र आत्ता भेटली.