गुन्हेशास्त्राचे सिद्धांत कोणत्या क्रमाने वाचावेत?

जुळे_सोलापूर : एलएलबीला क्रिमिनॉलॉजीचा पेपर आहे. नावं पाठ होतात, पण कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून वाचणार आहे. सुरुवात कुठून करू? डर्खाइम आणि मर्टन वेगळे कसे मांडायचे?

वकील_सातरस्ता : सालांच्या क्रमानेच जा, पण प्रत्येक ठिकाणी आधीच्याचं कुठे अडलं ते बघा. बेकारिया (1764) छळ आणि मनमानी शिक्षांविरुद्ध लिहीत होता. शिक्षा कठोर असण्यापेक्षा नक्की आणि लवकर होणारी असली तर धाक बसतो, हा त्याचा मुद्दा. माणूस नफातोटा तोलून वागतो हे त्यात गृहीत आहे. लोंब्रोसोने (1876) तेच नाकारून कारण शरीरात शोधलं. 'जन्मजात गुन्हेगार' लिहून थांबू नका. पुढे त्यानेच हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आणलं. गोरिंगने 1913 मध्ये सुमारे तीन हजार कैद्यांच्या मोजमापांवरून असा वेगळा शारीरिक प्रकार नसतो हे दाखवलं. खंडन म्हणून हे लिहाच.

डर्खाइमच्या मते समाज झपाट्याने बदलला की नियम सैल पडतात आणि इच्छांना लगाम राहत नाही. मर्टन (1938) म्हणतो, ध्येय सगळ्यांपुढे एकच ठेवलंय, म्हणजे पैसा आणि यश. तिथवर जायचे सरळ मार्ग मात्र सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. म्हणजे एकाकडे लगाम सुटण्याची अडचण, दुसऱ्याकडे वाट बंद असण्याची. या ताणाला माणूस कसा सामोरा जातो, याच्या मर्टनच्या पाच प्रतिसादांत (पहिला, ध्येय आणि मार्ग दोन्ही मानणारा) चूक होते ती शेवटच्या तिघांत. ध्येय सोडलं पण नियम पाळत राहिला तो कर्मकांडी. दोन्ही सोडून व्यसनात वगैरे गेला तो पलायनवादी. दोन्ही नाकारून नवी ध्येयं आणि नवे मार्ग मांडतो तो बंडखोर. चोरी-फसवणूक 'नवप्रवर्तना'त येते : ध्येय मान्य, मार्ग अमान्य.

लॉ_नोट्स_ताई : गुन्हा संगतीतून शिकला जातो म्हणणाऱ्या सदरलँडचं उत्तर 'वाईट संगत' एवढ्यावर आटपू नका, तिथेच मार्क जातात. त्याच्या नऊ विधानांचा गाभा असा : गुन्हा जवळच्या माणसांत शिकला जातो, आणि कायदा मोडायला अनुकूल अर्थ प्रतिकूल अर्थांपेक्षा जास्त झाले की माणूस तिकडे वळतो. संपर्क किती वेळा, किती काळ, किती लवकरच्या वयात आणि किती तीव्र, हे चारही लिहा. पांढरपेशा गुन्ह्याची, म्हणजे प्रतिष्ठित माणसाने आपल्या व्यवसायात केलेल्या गुन्ह्याची कल्पनाही त्याचीच. गुन्ह्याचं कारण गरिबीच म्हणणाऱ्यांना ती उत्तर आहे. हर्शीने (1969) प्रश्नच फिरवला : बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत? त्याचं उत्तर : समाजाशी जोडणारे चार बंध, म्हणजे जिव्हाळा, बांधिलकी, गुंतलेपण आणि नियमांवरची श्रद्धा.

वकील_सातरस्ता : समाजाने 'गुन्हेगार' शिक्का मारला की माणूस तसाच होत जातो, या शिक्का सिद्धांताला उदाहरण आपल्या गावातच आहे. लेमर्टने (1951) पहिलं विचलन (नियम मोडणं) आणि शिक्का बसल्यानंतरचं दुसरं विचलन वेगळं काढलं, बेकरने (1963) ते पुढे नेलं. सेटलमेंट भाग ज्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे वसला, तो मूळचा 1871 चा. त्याने अख्ख्या जमातींवर जन्मावरून शिक्का मारला : नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय फिरण्यावर बंदी. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी विमुक्तांकडे, म्हणजे याच जमातींकडे, संशयाने बघणं संपलेलं नाही. दोन गोष्टी सांभाळा. हा कायदा लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचा आहे, तेव्हा त्यातून निघाला असं लिहू नका. आणि त्या जमाती खरंच गुन्हेगार होत्या असं सुचवणारं एकही वाक्य नको. तो अन्याय आहे.

जुळे_सोलापूर : गड्ड्याच्या जत्रेतल्या पाकीटमारीला कोणता सिद्धांत लावू?

लॉ_नोट्स_ताई : कोहेन आणि फेल्सन यांचा दैनंदिन व्यवहार सिद्धांत, 1979. प्रवृत्त गुन्हेगार, सोयीचं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव, तिन्ही एकाच वेळी एकाच जागी. राखणदार म्हणजे फक्त पोलीस नव्हे. शेजारचा दुकानदार, सोबतचा माणूस हेही धरा. गुन्हेगार प्रवृत्त का झाला, हे मात्र हा सिद्धांत सांगत नाही. टीका तिथेच करा आणि मर्टनला जोडा.