लेणे, लेणी की गुंफा?

अनुवादिका
मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांवरच्या एका पुस्तिकेचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आहे. मी सगळीकडे ‘लेणे क्र. ३’, ‘लेणे क्र. ११’ असं लिहिलं. संपादकांनी सरसकट ‘गुंफा’ केलं. कारण काय, तर ‘लेणे म्हणजे दागिना, वाचकाचा गोंधळ होईल’. दुसऱ्या एकाने ‘लेणी क्र. ३’ सुचवलं. माझ्या मते लेणे एकवचन, लेणी अनेकवचन. तुम्ही काय म्हणता? सोमवारी मजकूर द्यायचा आहे.

घाटवाट
लिहिताना लेणेच. अजिंठ्याची लेणी अनेक, त्यातलं एक ते लेणे. पण बोलण्यात हा शब्द केव्हाच स्त्रीलिंगी झालाय. नाशकात ‘पांडवलेणीला जाऊन आलो’ असंच सर्रास ऐकू येतं.
दागिन्याचं म्हणाल तर संपादक अगदीच चुकलेत असं मला वाटत नाही. डोंगराने अंगावर ल्यायलेलं म्हणून लेणं, असं आमचे मराठीचे मास्तर सांगायचे.

जुन्नरी
व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही. काजळ ल्याली, सौभाग्यलेणं, हे सगळं लेवण्यातलं. डोंगरातलं लेणं वेगळं : संस्कृत लयन, प्राकृत लेण. त्यासाठी कोश उघडायलाही नको. नाशिकच्या याच पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लेखात सांगतो की त्रिरश्मी पर्वतावर, म्हणजे याच डोंगरावर, ‘लेणं कारितं इमा च पोढियो’ (लेणं करवलं आणि या पोढ्या). लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. तरी जे कोरून घेतलं त्याला त्याने इथलेच दोन शब्द ठेवले, लेण आणि पोढी. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कान्हेरीच्या लेखांतही पाण्याची पोढी वारंवार येते. तो शब्द आपण घालवला. लेणे दोन हजार वर्षं तोंडात टिकलंय, ते एका संपादकाच्या धास्तीने का सोडायचं?

रानपाखरू
सोडा असं कोण म्हणतंय? पण शाळेतल्या मुलाला गुंफा म्हटलं की लगेच कळतं, लेणे म्हटलं की समजावून सांगावं लागतं. आणि गुंफा काही परकी नाही. ओडिशात उदयगिरीला हाथीगुंफा आहे, राणीगुंफा आहे.

जुन्नरी
हाथीगुंफा हे मागाहून पडलेलं नाव. त्याच टेकडीवर मंचपुरी नावाच्या लेण्यात कलिंगाचा राजा खारवेल याच्या पट्टराणीचा लेख आहे, त्यात कलिंगातल्या श्रमणांसाठी ‘लेणं कारितं’ असंच आहे. ते लेणं जैनांचं, म्हणजे शब्द एका पंथाचाही नव्हता. मगधात मात्र वेगळं दिसतं. बिहारातल्या बराबरच्या टेकडीत अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविक पंथाच्या साधूंना जी गुहा दिली तिचं लेखातलं नाव ‘निगोहकुभा’. तिकडे कुभा, इकडे लेण.

निळाई
पालीत बघितलं तर हा वाद फारसा उरत नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, चुल्लवग्ग या भागात कथा आहे. भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, मसणवट्यात, गवताच्या गंजीजवळ झोपायचे. पहाटे तिथून निघताना राजगृहाच्या सेठीने (धनिक व्यापाऱ्याने) त्यांना पाहिलं आणि विचारलं, विहार बांधून दिले तर राहाल का? बुद्धांनी तेव्हा पाच लेणांना परवानगी दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय ही बांधलेली घरं आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेणाचा एक प्रकार. लेण म्हणजे आसरा, मग तो विटांचा असो की कातळाचा. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात तर निब्बाणाला (निर्वाणाला) जी नावं आहेत त्यांत दीप (बेट), लेण, ताण (रक्षण), सरण (आश्रय) असे शब्द ओळीने येतात. हा सगळा अर्थ शब्दात साठलेला असताना गुंफा लिहायचं माझ्याच्याने होणार नाही. गुहेत वाघही राहतो.

घाटवाट
मग कार्ल्याचं काय? ते चैत्यगृह, तिथे कोणी राहत नव्हतं. वैजयंतीच्या भूतपाल सेठीचा लेख त्याला ‘सेलघर’ (शैलगृह) म्हणतो, जंबुद्वीपात उत्तम. विहार म्हणजे राहायची जागा आणि चैत्य म्हणजे वंदनेची, हा फरक पाळायलाच हवा. आज वस्तीवस्तीत ज्याला बुद्धविहार म्हणतात ते खरं तर चैत्यगृह. शब्द चुकीचा रुळलाय.

निळाई
दादा, चुकीचा म्हणू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर आमच्या लोकांनी पै-पै जमवून जे उभं केलं त्याला विहार म्हटलं. पौर्णिमेला वंदना तिथे, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन तिथे, मुलांची अभ्यासिकाही तिथेच. आणि अर्थ आम्हीच प्रथम बदलला असंही नाही. अजिंठ्याचं १२ वं लेणं बघा : चौकोनी दालन, तीन बाजूंना खोल्या, खोलीत दगडी ओटे, मूर्ती नाही. मग पाचव्या शतकातलं पहिलं लेणं बघा. खोल्या आहेतच, पण मागच्या भिंतीत गर्भगृह, आत धम्मचक्क मुद्रेतले, म्हणजे उपदेश करणारे बुद्ध. राहणं आणि वंदना एका छताखाली तेव्हाच आली.

घाटवाट
खोल्या तरी होत्या ना? वस्तीतल्या विहारात भिक्खू कुठे राहतात?

रानपाखरू
आमच्याकडे भंतेजींची खोली विहाराला लागूनच आहे. वर्षावासाचे तीन महिने ते तिथेच असतात, डबा घराघरातून जातो.

अनुवादिका
विहाराचा मुद्दा मला पटला, पण पुस्तिकेत आणखी एक अडचण आहे. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातल्या स्तूपाला मूळ मजकुरात ‘दागोबा’ म्हटलंय. तसंच ठेवू?

घाटवाट
ठेवा की. विठोबा, खंडोबा तसा दागोबा. गावाने आपलासा केलेला देव दिसतो.

जुन्नरी
इथे ‘बा’ बापाचा नाही हो. पालीतलं धातुगब्भ, म्हणजे अस्थिधातू पोटात ठेवलेली वास्तू. सिंहलीत त्याचं दागब झालं आणि तिकडून इंग्रजी पुस्तकांत शिरलं. भाज्याच्या लेण्यांत थेरांच्या (ज्येष्ठ भिक्खूंच्या) स्मरणार्थ १४ स्तूपांचा समूह आहे, त्यांवरच्या लेखांत सरळ ‘थूपो’ आहे. स्तूप लिहा.

निळाई
लेखात थूपो असेल तर थूप का नको? लेण प्राकृतातून घेतलंत, मग इथेच संस्कृत कशाला?