रॉमध्ये पांढरा कापूस, काळी माती आणि बगळे: एक्स्पोजर नेमके कशावर धरायचे?

धुऱ्यावरून (प्रश्न)

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात सध्या वेचणी जोरात आहे आणि सोयाबीन निघालेल्या वावरांत हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर फिरतो आहे. दोन्ही कामांचे फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढतो. कॅमेरा निकॉन डी७५००, लेन्स १८-१४० आणि २००-५००. फाइल १४ बिट. अपर्चर प्रायॉरिटी, मॅट्रिक्स मीटरिंग (सगळी फ्रेम मोजणारे).

मीटर शून्यावर ठेवले की उन्हातल्या कापसावर हायलाइटची उघडझाप (जळालेल्या जागा पडद्यावर लुकलुकणे) सुरू होते. कॉम्पेन्सेशन -१ केले (एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा) तर ती थांबते, पण मग वेचणाऱ्या बायांचे चेहरे (डोक्यावरून शेव म्हणजे पदर घेतलेला असतो) आणि पऱ्हाटीखालची माती इतकी काळी येते की संगणकावर उचलली (उजळ केली) की दाणे दिसतात. स्पॉट मीटरिंग (छोट्या वर्तुळापुरते मोजणारे) कापसावर लावले तर कापूस राखाडी. ट्रॅक्टरमागे फिरणारे गायबगळे तर निव्वळ पांढरे ठिपके होतात, पिसांचा पत्ता नाही.

विचारायचे असे: ही उघडझाप रॉसाठी खरी मानायची का? कापसावर स्पॉट घेऊन नेमके किती प्लस करायचे? हायलाइट-वेटेड मीटरिंगचा उपयोग होतो का? आणि 'हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे ढकला', म्हणजे एक्स्पोजर वाढवा, म्हणतात ते कितपत?

वर्धाकाठ

दादा, उघडझाप आणि हिस्टोग्राम दोन्ही रॉवरून काढलेले नसतात. रॉच्या पोटात एक छोटी जेपीईजी असते, तिच्यावरून काढलेले असतात. त्या जेपीईजीवर व्हाइट बॅलन्स लागलेला असतो, पिक्चर कंट्रोलचा कॉन्ट्रास्ट लागलेला असतो. दुपारच्या उन्हात व्हाइट बॅलन्स लाल चॅनलला साधारण दुप्पट करतो, निळ्याला दीडपटीच्या आसपास, हिरवा आहे तसा राहतो. म्हणून पडद्यावर लाल भरलेला दिसतो तेव्हा सेन्सरवरचा लाल अजून एक स्टॉप खाली असू शकतो. सेन्सरवर खरा आधी भरतो तो हिरवा.

तेव्हा पहिले काम: पडदा रॉच्या जवळ आणा. पिक्चर कंट्रोल 'फ्लॅट' करा. अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग बंद करा, ते मॅट्रिक्सचे एक्स्पोजर स्वतःच्या मनाने हलवते. प्लेबॅक मेनूतल्या डिस्प्ले ऑप्शनमध्ये 'हायलाइट्स' आणि 'आरजीबी हिस्टोग्राम' दोन्हींवर खूण करा, म्हणजे तिन्ही चॅनल वेगळे दिसतील. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, 'डायरेक्ट सनलाइट'वर बांधून ठेवा. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा हिस्टोग्राम थोडा वेगळ्या मापाने काढला जातो आणि दोन फोटोंची तुलनाच होत नाही. कॅननवाल्यांनी हायलाइट टोन प्रायॉरिटी आणि फुजीवाल्यांनी डीआर २००/४०० बंद ठेवावे. ते मोड आतून सिग्नल कमी वाढवतात आणि हिशेब बिघडतो.

एवढे करूनही पडदा पूर्ण खरा बोलणार नाही. आपल्या कॅमेऱ्यात मीटरच्या शून्यापासून वर किती जागा आहे ते एकदा मोजूनच घ्यावे लागते. अर्ध्या तासाचे काम आहे. आभाळ पूर्ण निरभ्र असताना पांढरे धोतर किंवा साधी चादर भिंतीवर ताणून लावा, चमकणारे कापड नको. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/८, स्पॉट मीटरिंग, फोकस मुद्दाम विस्कटलेला, म्हणजे विणीचा पोत मध्ये येत नाही. शटरने मीटर शून्यावर आणा. पहिला फोटो. मग शटर एकेक क्लिक हळू करत +४ पर्यंत जा. तीन क्लिक म्हणजे एक स्टॉप, म्हणजे एकूण १३ फोटो. व्ह्यूफाइंडरमधली पट्टी तेवढी लांब नसते, म्हणून क्लिक मोजा.

या फाइली नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहू नका. रॉडिगर, फास्टरॉव्ह्यूअर किंवा फुकटातले डार्कटेबल आणि रॉथेरपी घ्या. डार्कटेबलमध्ये रॉ ओव्हरएक्स्पोजरचे वेगळे बटण आहे, रॉथेरपीत हिस्टोग्राम रॉवर टाकता येतो. हिरवा चॅनल ज्या फोटोत वरच्या टोकाला जाऊन भिंतीसारखा उभा राहतो, त्याच्या आधीचा फोटो तुमची मर्यादा. बहुतेक कॅमेऱ्यांत ती +३ च्या आसपास निघते, काहींत थोडी वर.

समजा +३ निघाली. तरी कापसावर +३ देऊ नका. स्पॉटचे वर्तुळ फ्रेमच्या अडीच टक्क्यांएवढे असते आणि डी७५०० वर ते निवडलेल्या फोकस पॉइंटवर फिरते. त्या वर्तुळात फुटलेल्या बोंडाची उन्हाकडची बाजूही येते आणि पाकळ्यांमधल्या फटींतली सावलीही. मीटर दोन्हींची सरासरी सांगतो. उन्हाकडचे तंतू त्या सरासरीपेक्षा अर्धा-पाऊण स्टॉप उजळ असतात. म्हणून कापसावर स्पॉट आणि +२ ते +२⅓, म्हणजे सहा-सात क्लिक. तुमचा कापूस राखाडी येत होता तो याचमुळे: मीटर ज्याच्यावर धरला त्याला मध्यम राखाडी करतो, ते त्याचे कामच आहे. पुढचे सहा क्लिक आपण द्यायचे.

सातपुडा_पायथा

बगळ्यांबद्दल लिहितो, कारण तिथे मीटर बाजूलाच ठेवायला हवा. ट्रॅक्टरमागची ताजी उलथलेली माती ओली आणि जवळजवळ काळी असते. फ्रेमचा मोठा भाग तिचा, बगळा इवलासा. मॅट्रिक्स मातीला उजळ करायला जातो आणि बगळा जळतो. तोच बगळा उडून आभाळावर गेला की मीटर उलटा वळतो आणि पक्षी काळवंडतो. आता बघा, बगळ्यावर पडणारे ऊन या सगळ्यात तसूभरही बदललेले नाही, बदलली ती मागची बाजू. म्हणून मॅन्युअल.

निरभ्र आभाळ, सूर्य चांगला वर आणि तुमच्या पाठीशी असेल तर जुना 'सनी १६' (भर उन्हात मीटरशिवाय एक्स्पोजर धरायचा नियम) रॉला अगदी बरोबर बसतो: आयएसओ १००, एफ/१६, १/१००. उडत्या पक्ष्यासाठी हेच एफ/८ वर आयएसओ २०० ला १/८००, किंवा आयएसओ ४०० ला १/१६००. या मापात मध्यम राखाडी जागेवर येते आणि उन्हातले पांढरे त्याच्यावर सव्वादोन स्टॉपच्या जवळपास बसते. वर्धाकाठ यांनी सांगितलेली मर्यादा +३ असेल तर पिसांसाठी अर्ध्या स्टॉपहून थोडी जास्त जागा उरते. पुरेशी आहे. स्लाइड फिल्मवाले पांढऱ्या पक्ष्याला आणखी एक स्टॉप बंद करत, रॉमध्ये त्याची गरज नाही.

पण दादा, आधी एक तपासा: ऑटो आयएसओ चालू आहे का? मॅन्युअल मोड लावूनही ऑटो आयएसओ चालू राहिला तर कॅमेरा पुन्हा मीटरच्याच मागे जातो. तुम्ही शटर आणि अपर्चर धरून बसता आणि आयएसओ मातीकडे बघून चढतो. व्ह्यूफाइंडरमध्ये 'आयएसओ-ऑटो' दिसले की समजायचे. 'मॅन्युअल करूनही बगळे जळतात' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघते.

सकाळी आठच्या सुमाराला हिवाळ्यात ऊन स्टॉप-दीड स्टॉप कमी असते आणि भराभर वाढते, तेव्हा दर पंधरा मिनिटांनी एक चाचणी फोटो घ्या. अकरा ते तीन फारसे हलत नाही. पातळ ढग आला तर बगळ्याकडे बघू नका, जमिनीवरच्या स्वतःच्या सावलीची कड बघा. कड पुसट झाली की साधारण एक स्टॉप उघडायचा.

काळ्या मातीची आणखी एक खोड: ती खालून उजेड परत देत नाही. नदीच्या वाळूवर उडणाऱ्या बगळ्याच्या पंखाखाली उजेड भरतो, काळ्या वावरावर तिथे गडद सावली पडते. म्हणून सूर्य पाठीशी आणि जितका खाली तितका बरा. पक्षी वळताना पंखाचा आतला भाग तुमच्याकडे उघडतो, तो क्षण पकडा.

एक_स्टॉप_जास्त

उजवीकडे ढकलण्याबद्दल: १४ बिटात १६३८४ पायऱ्या असतात आणि त्यातल्या अर्ध्या सगळ्यात वरच्या एका स्टॉपमध्ये जातात, त्याखालच्या स्टॉपला उरलेल्याच्या अर्ध्या. म्हणून जेवढे उजवीकडे तेवढी माहिती जास्त. शक्य असेल तेव्हा नेहमी ढकला.

वर्धाकाठ

पायऱ्यांचे गणित बरोबर आहे, पण सावलीत दाणे दिसतात ते पायऱ्या कमी पडल्यामुळे नाही. उजेड स्वतःच कणाकणाने येतो आणि कमी आला की त्याची चढउतार प्रमाणाने मोठी दिसते. एक स्टॉप जास्त उजेड घेतला तर सिग्नल आणि नॉइजचे (दाण्यांचे) गुणोत्तर १.४ पटीने सुधारते, दोन स्टॉपला दुप्पट. फायदा आहे तो सेन्सरवर जास्त उजेड पोचल्याचा.

हा भेद प्रत्यक्षात महत्त्वाचा ठरतो. शटर हळू करून किंवा अपर्चर उघडून उजवीकडे गेलात तर खरी कमाई. आयएसओ १०० वरून ४०० करून उजवीकडे गेलात तर उजेड तेवढाच, वरची जागा मात्र दोन स्टॉपने घटली. म्हणून कापसासारख्या स्थिर विषयाला आयएसओ १०० धरा आणि शटरने ढकला. बगळ्याला १/१६०० लागत असेल तर ते सोडू नका. हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सुधारत नाही, थोडे दाणे सुधारतात. शंका असेल तिथे आयएसओ एक स्टॉप खाली ठेवून संगणकावर उचलले तरी या पिढीच्या सेन्सरवर सावलीत फारसा फरक पडत नाही, आणि पिसे वाचतात.

'नेहमी' मात्र म्हणू नये. धुके, ढगाळ दिवस, सावलीतली तूर असा कमी कॉन्ट्रास्टचा विषय असेल तिथे ढकलायला खूप जागा असते. भर उन्हातला कापूस आणि काळी माती एका फ्रेममध्ये असतील तर कापूस मर्यादेला लागला की ढकलणे संपले.

हायलाइट-वेटेड: उपयोगी आहे, पण ते फ्रेममधल्या सगळ्यात उजळ जागेला जपते. वावरात ठेवलेला स्टीलचा डबा किंवा ट्रॅक्टरची काच चमकली की सगळा फोटो अंधारतो. अशी चमक आणि पाण्यावरचा लखलखाट खुशाल जाऊ द्यावा, त्यात तपशील नसतोच. शेवटचा शब्द स्पॉटच्या मोजणीचाच ठेवा.

धुऱ्यावरून

ऑटो आयएसओ चालूच होता! बंद केला. आता चेहऱ्यांचे सांगा. कापूस +२ वर ठेवला तरी शेवाखालचा चेहरा सहज चार स्टॉप खाली राहतो. आणि अशी फाइल लाइटरूममध्ये उघडल्यावर कापूस जळालेलाच दिसतो, ते का?

सातपुडा_पायथा

दुसरे आधी. लाइटरूम रॉवर स्वतःचे प्रोफाइल आणि वक्र लावूनच फोटो दाखवते. एक्स्पोजर -१ करा, हायलाइट्स खाली ओढा. बोंडातले तंतू परत दिसले तर रॉ शाबूत होता. कापूस सपाट राखाडी झाला आणि पोत आलाच नाही, तर सेन्सरवरच भरला होता. एखादे सॉफ्टवेअर अशा जागी गुलाबी झाक दाखवते: हिरवा भरून थांबलेला असतो आणि व्हाइट बॅलन्स लाल-निळ्याला वर ढकलतो. एकच चॅनल भरला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोघांवरून अंदाज बांधते, तिन्ही भरले तर अंदाजालाही काही उरत नाही.

चेहऱ्यासाठी कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची आशा फार धरू नका. सिंक (फ्लॅशसोबत चालणारे सर्वांत जलद शटर) १/२५० आहे, त्यावर भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१० लागतो. या फ्लॅशचा गाइड नंबर (मीटरमधले अंतर गुणिले एफ-आकडा) १२, म्हणजे पूर्ण जोर सव्वा मीटरपर्यंतच. दीड स्टॉप कमी असा हलका भरणा घेतला तर दोन मीटर. त्याहून दूर असाल तर कापूसच कामाला लावा. वेचणारी बाई वाकलेली असताना ओटी भरलेली असेल आणि त्यातला कापूस उन्हात असेल तर तो खालून चेहऱ्यावर चांगला उजेड टाकतो. रिकाम्या ओटीचा आणि भरलेल्या ओटीचा चेहरा स्पॉटने मोजून बघा, फरक लगेच कळेल. म्हणजे ओटी रिकामी करायला जाण्याच्या अगोदरची पाच-दहा मिनिटे धरा, आणि उन्हाच्या अशा बाजूला उभे राहा की ओटीवर तुमची सावली पडणार नाही.

संत्रापट्टा

वरुड-मोर्शीकडे यालाच जोडून प्रश्न येतो तो संत्र्याचा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाच्या फुलांचा. तिथे पांढरे काही नसते, तरी लाल चॅनल भरलेला दिसतो आणि पाकळी प्लास्टिकसारखी सपाट होते. स्पॉट संत्र्यावर घेऊन +१ पेक्षा वर जाऊ नका आणि डोळा फक्त लाल हिस्टोग्रामवर ठेवा. रॉमध्ये लाल शाबूत असूनही जेपीईजी काढताना तो रंग एसआरजीबीच्या (जेपीईजीच्या नेहमीच्या रंगमर्यादेच्या) बाहेर जातो आणि कापला जातो. अशा वेळी एक्स्पोजर कमी करून भागत नाही. केशरी आणि लाल रंगाचे सॅच्युरेशन १०-१५ ने उतरवा, प्रोफाइल 'न्यूट्रल' घ्या, मग एक्स्पोर्ट करा. सालीवरची बारीक छिद्रे परत दिसायला लागतात.