पुतण्याचे डोळे घारे आहेत, आईला समजवायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कपाशी अन् तूर. पुतण्या आता 14 महिन्यांचा झाला, त्याचे डोळे हिरवट घारे आहेत अन् दादा-वहिनी दोघांचेही एकदम गडद. आधी वाटलं वर्षभरात रंग बदलेल, बऱ्याच लेकरांचा बदलतो, पण नाही बदलला. आता गावातल्या बाया येतात, लेकराकडे पाहतात अन् म्हणतात, "हे कोणावर गेलं वं माय?" आई काही बोलत नाही पण तिचं तोंड उतरते, अन् वहिनी तशीच उठून वेचायला निघून जाते. मला हे पाहवत नाही.

मी जेवढं वाचलं त्यावरून डोळ्यात हिरवा-निळा रंग नसतोच, बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन (काळपट रंगद्रव्य) कमी असलं की प्रकाश विखुरतो अन् डोळा फिका दिसतो. 15 नंबरच्या क्रोमोसोमवर ओसीए2 अन् एचईआरसी2 हे जीन शेजारी शेजारी आहेत, एचईआरसी2 मधल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाने ओसीए2 चं मेलॅनिन बनवायला मदत करायचं काम मंदावते, हे 2008 मध्ये सापडलं. हा बदल आईकडून एक अन् बापाकडून एक असा दोन्हीकडून आला तर डोळा फिका होऊ शकतो, एकाकडूनच आला तर बहुतेक काळाच राहतो. म्हणजे पिढ्यान् पिढ्या लपून राहू शकतो ना? पण 2021 च्या अभ्यासात जवळपास 1 लाख 93 हजार लोकांमध्ये डोळ्यांच्या रंगाशी संबंधित डीएनएमधल्या 61 जागा निघाल्या अन् ते सगळे युरोपियन वंशाचे, मग आपल्याकडे हाच हिशोब चालतो का?

निळ्या डोळ्यांसोबत कधी कधी ऐकू न येण्याचा आजार असतो हे वाचून घाबरलो होतो, म्हणून कानाची तपासणी करून घेतली, ती नीट आली.

आईला जीन-बिन नाही सांगता येत. तिला म्हणावं म्हणतो की संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून पेरली तर पुढल्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत, लपलेले गुण वर येतात, तसंच हे. हे उदाहरण बरोबर आहे का, की काही चुकते? डीएनए टेस्टचा सल्ला कृपया देऊ नका, दादाला तिळभर शंका नाही. पुढच्या रविवारी जावळं आहे, सगळे सोयरे येतील, त्याच्या आधी आईशी बोलायचं आहे.